खाणीची मालकीण

क्लुज, १२ मार्च १९३४

प्रिय ताई,

अवेळी पत्र आलेलं पाहून तुला धसका बसेल. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. ओक्ताव्हियान कचेरीतून येतो, जेवतो, वर्तमानपत्र उघडतो आणि त्याच्या मागे नाहीसा होतो. परवा मी म्हटलं, "अहो, घराला आग लागलीय." तर म्हणाला, "हं. ठेव तिथं."

आता माझी बातमी. इथल्या एका रविवारच्या साप्ताहिकाला मी गोष्टी पाठवल्या होत्या. संपादकांनी बोलावून घेतलं. वयस्कर गृहस्थ, दाढीत सिगारेटची राख. म्हणाले, "बाईसाहेब, दिवाणखान्यात उसासे टाकणाऱ्या बायका माझ्याकडे पोत्यांनी येतात. तुम्ही मूळच्या डोंगरातल्या ना? मग तुमच्या गोष्टीत डोंगर कुठाय?"

घरी येईपर्यंत मी रडत होते. आणि दार उघडताना एकदम हसू आलं. डोंगर कुठाय! आपण तर डोंगराच्या अंगाखांद्यावर वाढलो. रोमन लोकांनी सोन्यासाठी पोखरलेली ती भुयारं, अठराशे अठ्ठेचाळीसच्या बंडात त्यांच्यात लपलेले आपले पणजोबा, काळ्या ढगातून अजगरावर बसून गारा आणणारा तो मांत्रिक, आणि खाणीची मालकीण! आई तिच्याविषयी काय काय सांगायची. पण मला मामानं इतक्या लहानपणी इथं शाळेत आणून टाकलं की माझ्याकडे त्यातलं अर्धंमुर्धंच उरलंय. बाकी सगळं तुझ्या वाट्याला आलं.

तेवढं मला लिहून पाठव ना. आणि यंदा जुलैत संत इलिएच्या सणाला मी महिनाभर येऊ का? ओक्ताव्हियानला मी गेल्याचं कदाचित परत आल्यावर कळेल.

भावोजींना, बादे निकोदिमना, माझा नमस्कार सांग.

तुझी,
वेतुरिया

*

बराश्ती, ईस्टरनंतरचा गुरुवार, १९३४

वेतुरिया,

पत्र पोचलं. कोणाकडून वाचून घ्यावं लागलं नाही. चार इयत्ता मीही शिकलेय.

मालकिणीचं म्हणशील तर एवढंच आहे. खाणीत एक बाई असते. तिचं खरं नाव कोणी घेत नाही, मालकीण म्हणतात. पांढरी दिसली तर सोनं, काळी दिसली तर मरण. आत शीळ घातलेली तिला खपत नाही, शिवी दिलेली खपत नाही. संपलं. एवढं सांगायला आई सगळी संध्याकाळ कशी लावायची मला ठाऊक नाही. तेव्हा तू तिच्या मांडीवर असायचीस आणि मी भांडी घासत असायचे. म्हणजे सगळं माझ्या वाट्याला आलं असं जे तू लिहितेस, त्यातली भांडी तेवढी आली.

निकोदिमला जास्त माहीत असणार. मागे त्याला जुन्या भुयाराच्या पोटात ती सोन्याची शीर लागली, तेव्हा सगळा गाव म्हणत होता की मालकिणीनंच दाखवली. मी विचारलं. "लोकांना उद्योग नाही," म्हणाला आणि पाठ करून झोपला. तेव्हापासून हा असाच. लग्नाआधी कसा होता, तुला आठवत असेल. डोंगरावरच्या जत्रेत त्यानं मला नुसतं बोलून बोलून पटवलं. अंगावर धड कोट नव्हता, पण जीभ होती. आता त्याचा आवाज ऐकायचा तर खोकल्याची उबळ यायची वाट बघावी लागते.

तू ये. बोलता करून बघ. मला तर आठ वर्षांत दगड फोडणं जास्त सोपं वाटायला लागलंय.

बकरीला दोन करडं झालीत. ओढ्यावरची कांडपं बर्फ वितळल्यापासून दिवसरात्र खडक कुटतायत, कान किटले. येताना निळा दोरा आण, इथं आब्रुदच्या बाजारात मिळतो तो पहिल्या धुण्यातच रंग सोडतो.

सालोमिया

*

क्लुज, २० ऑगस्ट १९३४

माझी लाडकी ताई,

इथं परत आले तर खोल्या इतक्या लहान वाटल्या! खिडकी उघडली तर समोर दुसऱ्याची खिडकी. तुमच्या ओसरीवरून दिसणारा तो पिवळा उघडा कडा, त्याच्यावर चढत गेलेले फर वृक्ष, आणि खाली टट्टूंच्या पाठीवर टोपल्या लादून उतरणारी माणसं, सगळं डोळ्यांसमोरून हलत नाही.

आणि बादे निकोदिम! ताई, तू म्हणालीस दगड. अगं, झरा आहे तो! पहिल्या दिवशी हूं की चूं नाही. दुसऱ्या दिवशी मी सहज विचारलं की भुयारात दिवा विझला तर काय करता, आणि त्यानं जे बोलायला सुरुवात केली! रोमन भुयाराच्या तोंडाशी मला नेलं, भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणांवर माझा हात ठेवून म्हणाला, "हे बघ, हा डावखुरा होता. सगळे घाव उलटे." दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस, आणि तो असा सांगत होता जसा काल त्याच्याबरोबर जेवला असावा. आणि मालकिणीची गोष्ट सांगताना त्याचे डोळे, ताई, तू पाहिलेस का? आवाज एकदम खाली जातो. वाटतं, ती त्याच्या पाठीशीच उभी आहे.

मी ती गोष्ट लिहायला घेतलीय. माझ्या हातून आजवर असं काही उतरलं नव्हतं.

इतका बोलका माणूस घरात असणं केवढं भाग्य! इथं रात्रीच्या जेवणाला काट्यांचाच काय तो आवाज.

बादे निकोदिमसाठी तंबाखूचा डबा वेगळा पाठवतेय. तुला माझ्या हिरव्या शालीचा लोभ सुटला होता ना? ती काही मला सोडवत नाही, पण तुझ्यासाठी तशीच एक लाल शोधून ठेवलीय, तीही त्याच पार्सलात आहे.

तुझी,
वेतुरिया

*

बराश्ती, २ सप्टेंबर १९३४

वेतुरिया,

तंबाखू पोचला. ओढ्यात टाकला. शाल परत पाठवतेय, घडी मोडलेली नाही.

तुझ्या पत्रात लिहिलंयस की मी त्याचे डोळे पाहिले का. कसे पाहणार? मी खिडकीच्या आत मागावर बसलेली, आणि तो ओसरीवर माझ्याकडे पाठ करून. आवाज मात्र यायचा. शब्द नाही, आवाज. माझ्या नवऱ्याचा आवाज, जो मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता, जत्रेतला. मी हातातला धोटा थांबवायचे आणि कान द्यायचे. मग म्हणायचे, चला, आपणही बसावं. दुधाचं भांडं घेऊन बाहेर यायचे, आणि तुम्ही दोघं गप्प!

एकदा नाही. दर वेळी. तो टोपीशी चाळा करायचा आणि तू कड्याकडे बघायचीस. एकदा तर तू म्हणालीस, "हवा छान आहे नाही, ताई?" हवा!

तू गेल्यावर मी त्याला म्हटलं, "तुला बोलता येतं तर."

तो म्हणाला, "मामालिगा करपतोय."

करपत नव्हता. मी तो मक्याचा घाटा त्याच्यासमोर तसाच पातेल्यासकट खाली आपटला.

लहानपणी तुला शाळा मिळाली, बूट मिळाले, मी हूं म्हटलं नाही. शहर मिळालं, कचेरीतला नवरा मिळाला, पियानो मिळाला. बरं झालं म्हटलं. माझ्याकडे एक हा माणूस होता. त्याच्यातलं जे बोलायचं होतं तेवढं तू एका उन्हाळ्यात पोतं भरून घेऊन गेलीस. आता घरात टरफल राहिलंय, ते माझं.

त्याच्यासाठी काही पाठवू नकोस.

सालोमिया

*

क्लुज, १५ ऑक्टोबर १९३४

ताई,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस अंथरुणातून उठले नाही. माझ्याविषयी तू असा विचार करू शकतेस? तो मला थोरल्या भावासारखा. आम्ही गप्प बसायचो त्याचं कारण तू समजतेस तसलं काही नाही. मी त्याला विचारलंही होतं, की ताई आली की थांबता का. तो काहीतरी म्हणाला, खाणकऱ्यांच्या रीतीभाती असतात तसं. मी फारसं मनावर घेतलं नाही. तूही घेऊ नकोस.

आणि पियानोचं म्हणशील, तर तो घराबरोबर भाड्यानं आलेला आहे आणि त्याचे सूर लागत नाहीत.

गोष्ट पुरी झाली. संपादकांनी उभं राहून माझा हात हातात घेतला. म्हणाले, "हा डोंगर." नाताळच्या अंकात पहिल्या पानावर येतेय. ओक्ताव्हियाननं वर्तमानपत्र खाली केलं, ताई! म्हणाला, "छापणार? तुझ्या नावानं?" आणि जेवण होईपर्यंत त्यानं ते परत उचललं नाही.

अंक तुमच्या पाद्रीणबाईंच्या पत्त्यावर पाठवेन. वाच, आणि मग रागव.

वेतुरिया

*

बराश्ती, ३० जानेवारी १९३५

वेतुरिया,

वाचली. वाचली म्हणजे मला वाचून दाखवली. सगळ्या गावाबरोबर.

सूतकताईची बैठक यंदा पाद्रीणबाईंकडे होती. घर भरलं होतं. बायका चात्या घेऊन बसलेल्या, पुरुष भिंतीला टेकून, आणि पाद्रीणबाई हातात तुझा अंक घेऊन उभ्या. "आपल्या वेतुरियानं लिहिलंय! पहिल्या पानावर!" सगळ्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मीही डोलावली. खोटं कशाला सांगू, छाती भरून आली होती.

मग त्या वाचायला लागल्या. एक खाणकरी. देखणा, मितभाषी. त्याची बायको. तिचे हात जाड, तिच्या अंगाला आंबट दुधाचा वास, तिची जीभ करवतीसारखी. तो बिचारा तिच्या तोंडाला कंटाळून डोंगराच्या पोटात जातो, आणि तिथं त्याला मालकीण भेटते. पांढरी बोटं. करड्या रंगाचे डोळे. खांद्यावर हिरवी शाल.

हिरवी शाल म्हटल्याबरोबर चात्या थांबल्या.

खाणीवरच्या झाहारिएची म्हातारी आई मला ऐकू जाईल अशा बेतानं शेजारणीला कुजबुजली, "उन्हाळ्यात ती शाल मी कुठंतरी बघितलीय बाई."

शेजारीण म्हणाली, "गप गं. आंबट दूध ऐकतंय."

हसल्या. वेतुरिया, त्या हसल्या. पाद्रीणबाई तशाच वाचत राहिल्या, त्यांना वाटलं गोष्टीला हसल्या. मी चाती खाली ठेवली आणि निघून आले.

पहाटे तो खाणीवर जायला उठला तेव्हा मी दारात उभी होते. त्याचा दिवा माझ्या पदराखाली.

"दिवा दे," म्हणाला.

"आधी बोल. माझ्या बहिणीला काय काय सांगितलंस ते मला सांग."

"कोणालाही सांगेन. तुला नाही."

"का? मला आंबट दुधाचा वास येतो म्हणून?"

त्याला काही कळलंच नाही. तो बैठकीला आला नव्हता. मी त्याला सगळं ऐकवलं, हिरवी शाल, पांढरी बोटं, सगळं. म्हटलं, "तुझं तोंड माझ्यासाठी बंद असेल, तर हे दारही आजपासून बंद. मी मामाकडे जाते. तू तिला बोलाव आणि ओसरीवर बस."

तो उंबऱ्यावर खाली बसला. टोपी काढली. "नको सालोमिया," म्हणाला, "हे नको मागूस. दुसरं काहीही माग."

मी म्हटलं, "हेच."

मग त्यानं सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. बाहेर फटफटेपर्यंत. त्यानं काय सांगितलं ते मी लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. तुला उन्हाळ्यापासून ठाऊक आहे! मी हसले, रडले, त्याला घट्ट धरलं. म्हटलं, एवढ्यासाठी तू घाबरलास, खुळ्या? एवढ्यासाठी आपली इतकी वर्षं गेली? मग त्याला दिवा दिला, डब्यात अंडी दिली. जाताना तो वळणावरून मागं वळून बघत होता, जत्रेतून घरी जाताना बघायचा तसा.

तो गेलाय आणि मी हे लिहितेय. आत्ता खाली पोस्टात टाकून येणार. कालपासून हवा फिरलीय, वळचणीवरून पाणी गळतंय. मला आज कोणाचा राग नाही, तुझासुद्धा नाही, इतकी मी खूश आहे. फक्त एवढंच लक्षात ठेव. आता सगळं माझ्याकडे आहे. तुझ्याकडे छापलेलं तेवढं.

सालोमिया

*

क्लुज, ४ फेब्रुवारी १९३५

ताई, ताई,

तुझं पत्र आणि पेपरमधली बातमी एकाच दिवशी आली. बराश्तीच्या जुन्या भुयारात छत कोसळलं, माणसं अडकली, एवढंच छापलंय. नावं नाहीत. मी तार केली, उत्तर नाही. आब्रुदची छोटी गाडी बर्फामुळे बंद आहे, नाहीतर मी आत्ता निघाले असते.

तो जिवंत आहे का? कोणाच्या तरी हातून एक शब्द लिहून पाठव.

देवा, तू त्याला बोलायला लावायला नको होतंस. बायकोच्या कानावर गेलं की मालकीण सोडत नाही, हे तो किती कळवळून म्हणाला होता! माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, मी स्वतःला दिवसभर तेच सांगतेय. पण तरी पुन्हा एक तार करून आले.

वेतुरिया

*

बराश्ती, २५ मार्च १९३५

वेतुरिया,

जिवंत आहे. उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढला. आब्रुदला दवाखान्यात होता, काल घरी आणला. तुझ्या तारा पोचल्या होत्या. उत्तर द्यायला मला सवड नव्हती, आणि मनही नव्हतं.

पोस्टातून परत येताना मी निम्म्या चढावर होते, तेव्हा वरच्या घरातून शिंग वाजलं. मग पलीकडच्या घरातून, मग कड्याखालून. असं एकामागून एक वाजायला लागलं की बायकांना कळतं, खाणीत कोणीतरी सापडलं. फक्त कोणाचा तेवढं कळत नाही. मी धावले. वाटेत दोघीतिघी माझ्याबरोबर धावत होत्या, आणि प्रत्येकीच्या मनात एकच होतं, माझा नको, हिचा असू दे.

माझाच होता. बाकीचे बाहेर पडले होते, तो सगळ्यांत आत. भुयाराच्या तोंडातून पिठासारखी धूळ येत होती. झाहारिए माणसांना अडवून उभा. म्हणाला, "पाणी ठिबकतंय. अजून येईल खाली. जरा थांबू."

मी त्याच्या हाताखालून आत शिरले. ढिगाऱ्यापर्यंत गेले, त्याला तोंड लावलं आणि ओरडले. काय ओरडले ते आता सगळा गाव एकमेकांना सांगतो, तेव्हा तूही ऐक.

"ए बाई! तुला ऐकू येतंय का? त्यानं आपणहून नाही सांगितलं! मी त्याला सांगायला लावलं! राग आलाय तर माझ्यावर काढ, मी ही इथं उभी आहे! तू त्याला काय दिलंस गं? चिमटीभर पिवळी धूळ! मी त्याचे कपडे धुतलेत, त्याला तापात पाणी पाजलंय. त्याच्या उशाशी मी बसलेय, तू नाही! माझा आहे तो! दे इकडे!"

झाहारिए मागून दबक्या आवाजात म्हणतोय, "बाई, ओरडू नका. छत येईल."

"येऊ दे!" म्हटलं.

आणि मग ढिगाऱ्यापलीकडून टकटक आली. दगडावर दगड. माणसं धावली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला बाहेर काढला.

झाहारिए म्हणतो, बर्फ वितळलं, फटीत पाणी शिरलं, दरवर्षी कुठं ना कुठं होतं. माझी बुद्धी म्हणते त्याचं खरं. पण वेतुरिया, माझ्या बुद्धीचं मी बघेन. तुझं काय?

तुझ्या हातानं तू लिहिलंयस, "बायकोच्या कानावर गेलं की मालकीण सोडत नाही." म्हणजे तुला ठाऊक होतं. ज्याला मालकीण दिसते त्यानं ती जगाला सांगितली तरी चालते, पण बायकोला सांगितली की मालकिणीचा जळफळाट होतो, हे त्यानं तुला सुरुवातीलाच सांगितलं. भलतंच तोंडून निसटेल म्हणून घरात तो बोलायचाच बंद झाला, हेही सांगितलं. मी सप्टेंबरात तुला तसं पत्र लिहिलं, तेव्हा तुला एवढ्या दोन ओळी लिहिता आल्या असत्या. "ताई, तो मालकिणीला भिऊन गप्प आहे." पण तू लिहिलंस, रीतीभाती असतात. तुला ते बरं वाटत होतं. मी आत बसून जळतेय आणि तुझ्याकडे काहीतरी आहे जे माझ्याकडे नाही, हे तुला गोड लागत होतं.

आणि दुसरं. त्या पहाटे मी त्याला विचारलं, दिसते तरी कशी ती? तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "कशी म्हणजे? तुझ्यासारखी. हनुवटीवर अशीच खूण. रुमालाची गाठ अशीच डाव्या कानामागे. पाय अनवाणी, असेच जरा बाहेर पडणारे. म्हणून तर मी भ्यालो नाही. वाटलं, तू डबा घेऊन आलीस."

मी म्हटलं, "हे माझ्या बहिणीला सांगितलंस?"

म्हणाला, "हो. तिनं सगळं लिहून घेतलं."

लिहून घेतलंस. आणि छापताना माझं तोंड पुसून तिथं तुझं काढलंस. माझं तोंड तू त्या बायकोला दिलंस, आंबट दुधाच्या वासासकट.

यावर काही उत्तर असेल तर लिही.

सालोमिया

*

क्लुज, ११ मे १९३५

ताई,

उत्तर लिहायला बसते आणि कागद फाडते. हा शेवटचा, हा पाठवणार.

हो, पुसलं. त्यानं जेव्हा सांगितलं की ती हुबेहूब सालोमिया, तेव्हा माझी पेन्सिल थांबली. मी त्याच्या समोर बसले होते. नवीन शाल घेतलेली, केस शहरातल्या बाईकडून कुरळे करून आणलेले. आणि तो माझ्यातून आरपार बघत होता, कान पाठीमागच्या खिडकीकडे, जिथून तुझ्या मागाची खडखड येत होती. डोंगराच्या पोटात, काळोखात, जिथं माणसाला देव किंवा सैतान दिसावा, तिथं ह्या माणसाला आपली बायको दिसते! आणि ती बायको आत बसून कुरकुरतेय की तो माझ्याशी बोलत नाही.

बूट मला मिळाले, ताई. शाळा मला मिळाली. पण मला कोणी काळोखात पाहिलेलं नाही. उजेडातसुद्धा नाही. वर्तमानपत्र आता पुन्हा वर गेलंय.

तर मी कागदावर तुझी जागा घेतली. एका नाताळपुरती. त्यानं तुझं काय कमी झालं? तो तुझाच आहे, एका पायाचा का होईना.

संपादक दुसरी गोष्ट मागतायत. मी लिहायला बसते आणि काही येत नाही. त्या बाईला मी माझं तोंड दिलं, पण तिच्या तोंडून काय बोलवू ते मला सुचत नाही. लोक सांगतात बादे निकोदिम आता ओसरीवर बसून दिवसभर बोलतो. मी येऊ का? चार दिवस. तू शेजारी बस, हवं तर.

क्षमा मागायला हवी, कळतं. पण तुझा हेवा अजून गेलेला नाही, आणि तो असताना मागितली तर ती खोटी होईल.

वेतुरिया

*

बराश्ती, १८ ऑगस्ट १९३५

वेतुरिया,

मे महिन्यापासून तुझं पत्र कपाटावर पडलंय. तीनदा मी त्याला उत्तर लिहिलं, येऊ नकोस म्हणून. एकही टाकलं नाही.

तू ऐकलंस ते खरं. तो बोलतो. झाहारिएनं त्याला लाकडी पाय करून दिलाय, तो पुढं पसरून ओसरीवर बसतो आणि बर्फ वितळल्यावर ओढा सुटावा तसा सुटतो. संध्याकाळी सगळं कड्याखालचं गाव आमच्याकडे. गारा आणणारा मांत्रिक, डावखुरा रोमन, पणजोबांची बंदूक. मी त्याच्या शेजारी बसते, अगदी खेटून. पहिले काही आठवडे मला वाटलं, माझ्याइतकी सुखी बाई या डोंगरात नाही. गोष्ट सांगता सांगता तो मला विचारायचा, "असंच होतं ना, सालोमिया?" मी म्हणायचे, "असंच."

मग मला त्या ऐकणाऱ्यांचाही राग यायला लागला. एकेकीला मी कामं सांगून लवकर घरी पाठवते. हस. मी तुझीच बहीण.

पण हे लिहायला बसले ते त्यासाठी नाही. संत इलिएच्या दिवशी सगळे गेल्यावर मी त्याला सहज विचारलं, "मालकिणीची गोष्ट हल्ली सांगत नाहीस?"

तो म्हणाला, "ती गेली."

"गेली म्हणजे?"

"ढिगाऱ्याखाली होतो तेव्हा ती माझ्यापाशी बसली होती. डोक्याखाली हात होता तिचा. मग तुझा आवाज आला. ती उठली आणि मागं न बघता आत गेली. तेव्हापासून स्वप्नातसुद्धा येत नाही."

मी म्हटलं, "बरं झालं. तिचं तोंड माझंच होतं ना? मग मी आहे की इथं."

तो म्हणाला, "हो. तू आहेस." आणि माझ्या हातावर हात ठेवला. प्रेमानं ठेवला, वेतुरिया. मी खोटं सांगणार नाही. पण बघत होता कड्याकडे.

तेव्हापासून मी लक्ष ठेवून आहे. सकाळी मी त्याची खुर्ची अंगणाच्या बाजूला वळवून ठेवते. दुपारी येऊन बघते तर ती डोंगराकडे फिरलेली असते. एका पायानं ती ओढत नेताना त्याला किती त्रास होत असेल. मी काही बोलत नाही. काय बोलू? ती माझ्यासारखी दिसायची, पण म्हातारी होत नव्हती. तिचे हात जाड नव्हते. तिनं त्याला कधी दारात अडवलं नाही. माझंच तोंड घेऊन ती माझ्यापेक्षा चांगली होती, आणि मी तिला माझ्या हातानं हाकलून त्याच्या मनात कायमची बसवली.

हे गावात कोणाला सांगू? पाद्रीणबाई म्हणतील, प्रार्थना कर. झाहारिएची म्हातारी हसेल. तुला सांगितलं तर तू हसणार नाहीस, कारण तूही तिच्या जागी बसून बघितलंयस आणि तिथं तुला काही सापडलं नाही.

तर तू ये. केस कुरळे करून ये, शाल घेऊन ये, ओसरीवर त्याच्यासमोर बस आणि हवं तेवढं विचार. मी मधूनच दुधाचं भांडं आपटेन, तुला टोमणे मारीन, तू रडशील, दोन दिवस आपण बोलणार नाही. चालेल मला. तू जिवंत आहेस, तुझे केस ओढता येतात. तिच्याशी मी कशी भांडू?

सालोमिया